कोऱ्या कागदावर सही करू नका

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

मी करमाळा तालुक्यातला, वय ४१. गेली नऊ वर्षे पुण्याजवळच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये दहा टायरी ट्रकवर ड्रायव्हर होतो. मालकाच्या चौदा गाड्या आहेत. पगार १८,००० रुपये, फेरीचा भत्ता वेगळा. जानेवारीत हैदराबादहून चाकणचा माल आणत होतो. सकाळपासून माल भरण्यासाठी ताटकळलो, दुपारी गाडी हलली, आणि ‘सकाळी आठला चाकणच्या गेटवर गाडी लागलीच पाहिजे’ असा मालकाचा मेसेज मोबाइलवर होता. पहाटे तीनच्या सुमारास भिगवणच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला माझी गाडी मागून धडकली. ट्रॅक्टर निम्मा डांबरावर उभा होता. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही दिसला नाही. ट्रॉलीजवळ थांबलेल्या एका ऊसतोड मजुराच्या मांडीचे हाड मोडले. माझे उजवे मनगट मोडले, आत प्लेट बसवली आहे. पोलिसांनी माझ्यावर गुन्हा नोंदवला, जामीन झाला. आठव्या दिवशी मालकाने फोनवर सांगितले, ‘तुला झोप लागली होती, आता कामावर येऊ नकोस.’ दुरुस्तीचे ३,८०,००० रुपये माझ्याकडून येणे आहे म्हणून डिसेंबरचा पगारही अडवला आहे. माझे मूळ लायसन्स पहिल्यापासून त्यांच्याच कपाटात असते. दोन कोऱ्या कागदांवर सही केली तर लायसन्स आणि थोडे पैसे देतो, असा आता निरोप आला आहे. खरे सांगायचे तर डोळा लागला होता की नाही, हे मलाही आठवत नाही. रात्री ट्रॅक्टरचा आवाज आला तरी घाम फुटतो. त्या मजुराला भेटून यावे असे वाटते, पण घरचे नको म्हणतात. मी काय करावे?

उत्तर:

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या कोऱ्या कागदांपाशी थांबले. म्हणून बाकी सारे बाजूला ठेवून आधी तेवढेच सांगते: सही करू नका. त्या कागदावर उद्या काय लिहिले जाईल, हे आज तुमच्या मालकांनाही ठरवण्याची गरज नाही, आणि तीच त्या कोरेपणाची सोय आहे. त्यावर राजीनामा लिहिला जाईल, ‘मला झोप लागली होती’ असा कबुलीजबाब लिहिला जाईल, किंवा ‘सर्व हिशेब मिळाला, काही तक्रार नाही’ अशी पावती लिहिली जाईल. कामगार न्यायालयाच्या आवारात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि तिथे हरलेल्या ड्रायव्हरांच्या फायलींत सर्वांत वर लावलेला कागद पुष्कळदा त्यांच्याच सहीचा असतो, हे मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट अशी की मालकांनी तुमच्यासमोर तीन वेगवेगळ्या बाबींचा एकच गुंता करून ठेवला आहे. अपघातात तुमची चूक किती होती, ही एक बाब आणि ती फौजदारी न्यायालयाच्या कक्षेतली. तुम्हाला कामावरून काढता येते का आणि काढल्यास काय द्यावे लागते, ही दुसरी. काम करताना तुमचा हात मोडला त्याची भरपाई, ही तिसरी. ‘तुझी चूक झाली’ या एका वाक्याने दुसरी आणि तिसरी बाब आपोआप निकालात निघते, असे त्यांना वाटते, आणि तुमच्या पत्रावरून दिसते की तुम्हालाही तसेच वाटू लागले आहे. कायदा तसे मानत नाही.

तिसऱ्या बाबीपासून सुरुवात करते, कारण तिच्याविषयी तुम्ही पत्रात एक अक्षरही लिहिलेले नाही. कामावर असताना कामाच्या ओघात कामगाराला इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत आला, तरी गाभा तोच राहिला आहे. ही भरपाई मिळण्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि कामगाराच्या निष्काळजीपणाने ती बुडतही नाही. दारू किंवा नशा करून गाडी चालवली, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, अशा मोजक्या कारणांनीच ती नाकारता येते. थकलेल्या माणसाचा डोळा लागणे हे त्या कारणांत बसत नाही. म्हणजे मालकांचे म्हणणे शब्दशः खरे मानले तरी तुमच्या मनगटाचा दावा शिल्लक राहतो.

हात बरा होईपर्यंतच्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मे वेतन, असा तात्पुरत्या असमर्थतेचा हिशेब आहे. मात्र हिशेबात धरायच्या वेतनाला सरकार मर्यादा घालते. जानेवारी २०२० मध्ये ती १५,००० रुपये ठरवण्यात आली होती, आणि त्या दराने महिन्याला साडेसात हजार रुपये होतात. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून औषधाच्या दुकानातली चाळीस रुपयांची पावतीसुद्धा टाकून देऊ नका. पुढे मनगटात कायमचे अधूपण राहिले, पकड कमी झाली, तर त्याची भरपाई निराळी असते. पण ते प्रमाणपत्र उपचार पूर्ण झाल्यावर घ्यावे, घाईने घेऊ नये. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. तुमच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर मात्र मालकाऐवजी कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जावे लागेल, तेव्हा जुनी पगारपत्रके आधी काढून पाहा. शिवाय दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या विम्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाण्याचीही वाट आहे. परंतु एकाच इजेसाठी दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. कोणती वाट धरायची हे अर्ज करण्याआधी वकिलांशी बोलून ठरवा, कारण एकदा निवडल्यावर मागे फिरता येत नाही.

आता नोकरीविषयी. ‘आता कामावर येऊ नकोस’ या चार शब्दांत नऊ वर्षांची नोकरी संपत नाही. तुमचा गैरवर्तनाचा दोष आहे असे मालकांचे म्हणणे असेल, तर त्यांनी लेखी आरोपपत्र द्यावे, चौकशी करावी, तुमचे ऐकून घ्यावे. आणि दोषाचा प्रश्न नाही, नुसते कमी करायचे आहे असे असेल, तर ती कामगार कपात ठरते आणि तिच्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. दोहोंपैकी एक दार त्यांना उघडावेच लागेल. फोनवर काढून टाकणे हा प्रकार दोन्हींत बसत नाही.

ग्रॅच्युइटी याहून वेगळी आहे. चौदा गाड्या असलेल्या ठिकाणी दहापेक्षा जास्त माणसे कामाला असणारच, आणि तुमची सेवा पाच वर्षांच्या वर आहे. १८,००० रुपये मूळ वेतन धरून दर वर्षाला पंधरा दिवसांचे, महिन्याचे दिवस २६ मानून, नऊ वर्षांचे सुमारे ९३,४६० रुपये होतात. कपातीची भरपाई साधारण ८१,००० आणि नोटीस पगार १८,००० जमेस धरला तर आकडा एक लाख नव्वद हजारांच्या पुढे जातो, आणि यात अडकलेला पगार धरलेलाच नाही. ‘थोडे पैसे देतो’ या निरोपातले थोडे कशाच्या मानाने थोडे आहेत, हे तुम्हाला कळावे म्हणून ही बेरीज केली. निष्काळजीपणाने नुकसान केल्याबद्दल बडतर्फ केले, तर नुकसानीपुरती ग्रॅच्युइटी रोखण्याची तरतूद कायद्यात आहे, हेही तुमच्यापासून लपवत नाही. पण त्यासाठी आधी रीतसर बडतर्फी व्हावी लागते आणि नुकसान किती झाले ते दाखवावे लागते.

ते ३,८०,००० रुपये इथेच तपासून घ्यावे लागतात. ट्रकचा विमा सर्वसमावेशक असेल, तर दुरुस्तीचा मोठा भाग विमा कंपनीने दिलेला असतो किंवा द्यायचा असतो. गॅरेजच्या बिलाचा आकडा आणि मालकांच्या खिशातून गेलेली रक्कम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला मात्र पहिलाच आकडा ऐकवण्यात आला आहे. तेव्हा लेखी विचारा: सर्व्हेअरने किती मंजूर केले, कंपनीने किती दिले, उरले किती? नुकसानीपोटी वेतनातून कपात करायची तर आधी तुम्हाला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक करता येत नाही. डिसेंबरचा तुमचा पगार तर अपघाताच्या आधी कमावलेला आहे. कामावरून काढल्यास दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करायचे असते.

हे सर्व फोनवर बोलू नका. एका पानाचे पत्र लिहा, मराठीतच लिहा, आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. अमुक तारखेला अपघात झाला, अमुक तारखेला तुम्ही फोनवर कामावर येऊ नका असे सांगितले, मी राजीनामा दिलेला नाही, वैद्यकीय रजेनंतर कामावर यायला तयार आहे, माझे लायसन्स व पगार द्यावा, गाडीच्या जीपीएसच्या त्या दोन दिवसांच्या नोंदी आणि फास्टॅगचा तपशील जपून ठेवावा. एवढे पुरे. रागाचे एकही वाक्य त्यात नको. उत्तर आले नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा; तिथे समेट अधिकाऱ्यांपुढे ४५ दिवसांत काही निघाले नाही, तर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे थेट जाता येते. त्यालाही दोन वर्षांची मर्यादा आहे, पण तुमच्यासारख्या प्रकरणात उशिराचा फायदा नेहमी समोरच्याला होतो, कारण किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, दुसऱ्या गाडीवर जातो, मोबाइल बदलतो, मेसेज पुसले जातात.

त्या मेसेजचे छायाचित्र आजच काढून दोन ठिकाणी ठेवा. ‘सकाळी आठला चाकणच्या गेटवर’ ही एक ओळ तुमच्या बाजूचा मोठा कागद आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९६१ च्या कायद्याने घातली होती, आणि ट्रकच्या धंद्यात ती कोण पाळते हे तुम्हाला मी सांगायला नको. माल भरायच्या रांगेतले तास तर कुणी मोजतच नाही. मालकाच्या हिशेबी गाडी उभी म्हणजे ड्रायव्हर झोपलेला. जीपीएस आणि सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी या टोलनाक्यांवरच्या वेळा एकाखाली एक मांडल्या की तुम्ही सलग किती चाललात आणि वेग काय होता, ते कुणी न सांगताही दिसते.

फौजदारी बाजूकडे वळते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकारपणे वाहन चालवणे हे तिच्या कलम २८१ खाली येते आणि निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणे कलम १२५ खाली. त्या दुसऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एफआयआरची प्रत तुमच्याकडे नसेल तर घ्या आणि कोणती कलमे लावली आहेत ते पाहा. आरोपपत्राबरोबर पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकांचा तपासणी अहवाल मिळेल. पंचनाम्यात ट्रॉलीच्या मागच्या दिव्याविषयी आणि रिफ्लेक्टरविषयी काय लिहिले आहे, ट्रॅक्टरची किती चाके डांबरावर होती, याचा उल्लेख आहे का, हे वकिलांना बारकाईने वाचायला सांगा. गळिताच्या हंगामात अंधारात उभ्या असलेल्या दुहेरी ट्रॉलीला मागून गाडी धडकणे ही आपल्याकडे दरवर्षीची गोष्ट आहे, आणि अशा अपघातांच्या भरपाईच्या दाव्यांत उभ्या वाहनाच्या दोषाचाही वाटा न्यायालये धरतात. घटनास्थळाची छायाचित्रे कुणी काढली होती का, जवळच्या ढाब्यावर कॅमेरा होता का, याची चौकशी किन्नराकडे करा. कॅमेऱ्यातले चित्रण फार दिवस टिकत नाही.

तारखेला गेल्यावर न्यायालयाच्या पायऱ्यांवर कुणीतरी तुम्हाला सुचवेल की गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि संध्याकाळच्या एसटीने घरी जा. हा सल्ला स्वस्त वाटतो, पण तुम्हाला फार महाग पडेल. दोषसिद्धीची नोंद पुढच्या नोकरीच्या पोलीस पडताळणीत येते, लायसन्स निलंबित होण्याला कारण मिळते, आणि तीच कबुली भरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वाचून दाखवली जाते. डोळा लागला होता की नाही हे तुम्हाला खरोखर आठवत नसेल, तर विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर द्या. ‘जागा होतो’ असे ठासून सांगू नका आणि मालकांच्या सोयीसाठी ‘झोपलो होतो’ असेही म्हणू नका.

वकिलांच्या खर्चाची धास्ती घेऊन बसू नका. करमाळ्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला आणि मर्यादित उत्पन्न असलेल्याला मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. लायसन्ससाठी तोपर्यंत अडून राहण्याचे कारण नाही, कारण डिजिलॉकरमधली प्रत कायद्याने ग्राह्य आहे. ती उतरवून घेतली की अपघाताच्या दिवशी लायसन्सवरची व्यावसायिक वाहन चालवण्याची नोंद वैध होती ना, हे आधी तपासा. मजुराच्या भरपाईत विमा कंपनीची जबाबदारी बरीचशी त्याच तारखेवर अवलंबून आहे.

तुमच्या झोपेविषयी थोडे. गावात लोक सांगतील की भीती घालवायची तर उद्याच स्टीअरिंगवर बस. मनगटात प्लेट असताना ते शक्य नाही आणि एरवीही मी ते सांगितले नसते. आवाजाने घाम फुटणे, तोच क्षण पुनःपुन्हा दिसणे, यांत दुबळेपणा नाही. अपघातानंतर अनेकांना हे होते आणि उपचारांनी ते कमी होते. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आणि मराठीत बोलता येते. महिना उलटूनही असेच राहिले तर जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा आणि तो केसपेपरही बाकीच्या कागदांबरोबर ठेवा. हात सुटल्यावर सुरुवात दिवसाच्या, जवळच्या फेऱ्यांनी करावी. टेंभुर्णी, कुरकुंभकडच्या कारखान्यांचा माल किंवा गावातला पाण्याचा टँकर असे काही मिळाले तर पैसा कमी असला तरी काही महिने ते बरे. नव्या मालकाने विचारले तर अपघात झाला आणि खटला चालू आहे, हे स्वतःच सांगून टाका. या धंद्यात बातमी तुमच्या आधी पोहोचते, हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या दलालाच्या, गादीवर चहा येईपर्यंत.

त्या मजुराला भेटण्याविषयी तुमच्या घरच्यांशी मी पूर्ण सहमत नाही. एकटे जाऊ नका, पैसे घेऊन जाऊ नका, कुठल्या कागदावर आपसात मिटल्याचे लिहून देऊ-घेऊ नका आणि जाण्यापूर्वी वकिलांच्या कानावर घाला, एवढी काळजी मात्र घ्यावीच लागेल. ऊसतोडीची टोळी असेल तर तिचा मुकादम किंवा दोन्हीकडच्या ओळखीचा एखादा वडीलधारा माणूस बरोबर घ्या. अपघात कसा झाला याची चर्चा तिथे करू नका, विचारपूस करा. आणि एक गोष्ट जरूर सांगा, कारण हंगाम संपला की ती टोळी गावी परतेल आणि मग त्यांना हे कुणी सांगणार नाही: मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा दाखल करायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या दाव्यात तुमचेही नाव सामनेवाला म्हणून असेल. तरी सांगा. तुमचे लायसन्स वैध असेल तर त्यांचे पैसे ट्रकच्या विमा कंपनीने द्यायचे आहेत. गाडीचा नंबर आणि पॉलिसीचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि ती त्यांच्या घरच्या माणसाच्या हातात द्या.